सतरा दात की अठरा

विमल,

परवा तुझी तेरवी झाली. काल पाहुणे आपापल्या गावी गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, आणि मी दुकानाचं शटर वर करून आपल्या मोटरसायकलसमोर स्टूल टाकून बसलो. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. बायको जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि हा मिस्त्री हातात पाना घेऊन बसला, असं कुणी म्हटलंच, तर मी त्याला सरळ तुझ्याकडे पाठवीन. तूच सांग त्याला, भांडण अर्धवट टाकून गेलेलं माणूस कोण होतं ते.

भांडण साधंच होतं. गाडीचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळी ओढणारं ते दातेरी चाक, सतरा दातांचं बसवायचं की अठरा. मी सतरावर अडून, तू अठरावर. इंजिन होऊन गेलं होतं, पाच गिअरची नवी पेटी बसली होती, सगळं अडलं होतं ते या एका दातापायी. कारण हे चाक क्लचच्या मागे बसतं. वरून एकदा सगळं मिटवलं की तो एक दात बदलायला पुन्हा अर्धी गाडी सोलावी लागते. म्हणून 'आधी ठरवा, मंग बसवा' असं तूच म्हणालीस. ठरलं नाही. आणि त्या सकाळी गिरणीत कुणाचं तरी दळण टाकता टाकता तू खाली बसलीस, मला हाक मारलीस, आणि मी पलीकडून येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल मी आज लिहिणार नाही. ते लिहिण्याएवढा मी अजून सावरलेलो नाही.

भांडणाचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मला बाकीचं बोलू दे. तू असताना मध्ये बोलायला जागा मिळत नसे.

गाडी आपण घेतली तेव्हाच ती जुनी होती. साडेतीनशे सीसीचं बिडाचं इंजिन, चार गिअर, तेही उजव्या पायाने टाकायचे. वाशिमकडच्या या शिरपुरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, त्याला लागून तुझी पिठाची गिरणी, मध्ये एक भिंत. शेतातले पंप जळाले की लोक माझ्याकडे यायचे, ज्वारी-गहू घेऊन तुझ्याकडे यायचे, आणि दोन्हीकडे गर्दी नसली की आपण भिंतीच्या अलीकडून-पलीकडून भांडत असू. गिऱ्हाइकांना वाटायचं यांचं पटत नाही. पावसाळा लागून पंप बंद झाले की माझ्या दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही. सगळं गाव शेतात डवरणीला, पिकातलं तण काढायला लागलेलं असायचं आणि आपण दोघं रेनकोट घालून लोणार, माहूर, चिखलदरा, एकदा तर थेट तेलंगणात, सरस्वतीच्या बासरला. तुझी जाऊ म्हणायची, 'या दोघांले काही कामधंदा नाई.' तू म्हणायचीस, 'नाई ना. म्हनून तं चाल्लो.'

पण त्या फिरण्याची खरी गोष्ट अशी, की आपण जेवढं फिरलो तेवढं ट्रकच्या मागे फिरलो. दोन माणसं, दोन्ही बाजूंना पेट्या, आणि ते म्हातारं इंजिन. साठला गाडी छान चालायची. सत्तरला गेली की अशी थरथरायची की आरशात मागचं काही दिसत नसे. पुढचा ट्रक पन्नासने चाललेला असला तरी त्याला ओलांडायला लागणारी उसळी तिच्या अंगात नव्हती. मी हळूच उजवीकडे यायचो, समोर पाहायचो, दूरवर काहीतरी येताना दिसायचं, आणि मी पुन्हा ट्रकच्या मागे. मग मागून माझ्या खांद्यावर तुझी थाप.

'नव्या नवरीवानी भायेर डोकावता अन् पुन्हा आत जाता. निघाचं तं निघा ना बाप्पा!'

'समोरून येस्टी येऊन राह्यली.'

'ते अजून वाशिमातून नाई निघाली!'

बासरहून परत आलो त्या दिवशी तू अंगणात हेल्मेट काढलंस, चेहऱ्यावरची काजळी पदराने पुसलीस आणि म्हणालीस, 'मिस्तरी, सारं जग मले तुमी टरकाच्या धुरातून दाखवलं. देवी दिसली, पन रस्त्यानं एक झाड धड दिसलं असन तं शपथ.' सगळा गाव मला मिस्त्री म्हणतो म्हणून तूही म्हणायचीस, पण तुझ्या तोंडी त्या शब्दाला वेगळीच धार होती.

मला ओव्हरटेक करायची भीती वाटते, हे तुला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी कारणं सांगायचो ती साखळीची, व्हॉल्व्हची, ऑइल गरम झाल्याची. तू ती सगळी ऐकून घ्यायचीस. चारचौघांत माझी हजार उणीदुणी काढलीस, पण हे एक कधीच नाही. कुणी विचारलं, एवढ्या हळू का चालवता, तर तूच पुढे होऊन सांगायचीस, 'इंजिनात दम नाई भाऊ, ते काय करन?' आज सांगतो, विमल, त्याबद्दल तुझे फार आभार. तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण म्हटलं असतं तर भीती कबूल करावी लागली असती.

आणि तू नुसती झाकून थांबली नाहीस. तू खरंच दम घालायला निघालीस.

गिरणीची पाच हॉर्सपॉवरची मोटर काढून आपण साडेसातची बसवली, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. तू जात्याजवळ उभी राहून आवाज ऐकत होतीस. आधी हरभरा टाकला की जातं कण्हायचं, आता एका सुरात चाललं होतं. तू तिथूनच ओरडलीस, 'गिरनीची मोटर मोठी होते, तं गाडीची काहून नाई होत?'

मी म्हटलं, होते, पण फार उपद्व्याप आहे. इथेच चुकलो. 'होते' एवढंच तू ऐकलंस.

मग आपल्या जवळच्या मालेगावचे सलीमभाई खरादवाले आले आपल्या आयुष्यात. तसा मी त्यांना पंपाच्या शाफ्टपुरता ओळखत होतो. तू त्यांच्या लेथजवळ पिशवी ठेवून बसलीस आणि इंजिन कसं मोठं होतं ते सगळं त्यांच्याकडून काढून घेतलंस. साडेतीनशेचं सिलिंडर काढून पाचशेचं, त्याचा पिस्टन, त्याचं हेड. खालच्या क्रँककेसचं तोंड लहान पडतं, ते खरादावर मोठं करायचं. कार्बोरेटर मोठा, ऑइलचा पंप मोठा, क्लचला एक प्लेट जास्त. सलीमभाई दर वाक्याला 'हो जायेगा भाबी' म्हणत होते आणि मी दर वाक्याला तुझ्याकडे पाहत होतो. आरटीओच्या परवानगीचे कागदही तूच रीतसर करून आणलेस. 'कागदात साडेतीनशे अन् पोटात पाचशे, असं खोटं घेऊन मी फिरनार नाई,' म्हणालीस.

दुकानात इंजिन उघडलं आणि एक नवीनच पंचाईत झाली. तुझ्या गिरणीचं पीठ. भिंतीच्या वरच्या झरोक्यातून ते उडत यायचं आणि तेल लावलेल्या प्रत्येक भागावर बसायचं. बेअरिंगला कणीक लागलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, आठ दिवस गिरणी बंद ठेव. तू म्हणालीस, 'लोकायनं आठ दिवस काय इंजिन खाव?' दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझी एक जुनी सुती साडी पाण्यात भिजवून त्या झरोक्यावर ताणून बांधलीस. पीठ साडीला चिकटायचं, माझ्याकडे थंड वारा यायचा. दर दोन तासांनी येऊन साडीवर पाणी मारून जायचीस, आणि मारता मारता आत डोकावून विचारायचीस, 'कुठवर आलं?' ते इंजिन कसं झालं असं कुणी विचारलं तर मी सांगतो, ओल्या साडीच्या आडोशाला झालं. लोकांना वाटतं मी चेष्टा करतो.

इंजिन झालं, आणि मी तुला म्हटलं की पिस्टन नवा आहे, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर जायचं नाही. तुझं ते तोंड मला अजून दिसतं. 'म्हन्जे एवढा दम घालून आता पुन्हा टरकाच्या मांगंच?' पण ते हजार तू निमूटपणे काढलेस. जाऊलका, रिसोड, वाशिम, पुन्हा जाऊलका. बाजाराला जाऊ तिथे भाजी घ्यायची, परत यायचं. घरात एवढी भाजी झाली की तू ती गिरणीवर आलेल्या बायांना वाटून टाकायचीस.

आणि मग समृद्धी.

हसू नकोस, मला आता एकट्याला ते सांगायचं आहे. तो मोठा रस्ता आपल्या भागातून बनत होता तेव्हा सगळ्यांनी तो आपलाच धरला होता. पोरांनी त्यावर क्रिकेट खेळलं, लोकांनी सोयाबीन वाळवलं, आणि आपण दोघं जुन्या इंजिनावर एकदा त्यावरून चांगले कोसभर जाऊन आलो होतो. तेव्हाच तुझ्या मनात बसलं की गाडीत दम भरायचा आणि या रस्त्याने वर्षाकडे, संभाजीनगरला जायचं. लेकीच्या दारात दुपारच्या जेवणाला उतरायचं. पुढे लोक मला विचारायचे, तुम्हाला माहीत नव्हतं का? आता काय सांगू? पेपरात आलं असेल. पण ज्या रस्त्यावर आपण सोयाबीन हलवलं, त्या रस्त्यावर आपल्याला जाता येणार नाही हे डोक्यात आलंच नाही. आपल्या दोघांच्याही नाही, आणि सलीमभाईंच्याही नाही.

त्या दिवशी तू निळी साडी नेसली होतीस, वरून जाकीट. पेटीत भाकरी, ठेचा, वर्षासाठी मुंगवड्या. मालेगावच्या बाजूने आपण टोलपाशी चढलो तर सुरक्षारक्षकाने हात आडवा केला.

'काकू, दुचाकीले बंदी हाये.'

तू मागून ताठ होऊन म्हणालीस, 'भाऊ, हे पाचशेची हाये.'

'पाच हजाराची असली तरी चाकं दोनच ना, काकू.'

मी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं आता तू रडशील. वर्षभराची मेहनत, एवढी धडपड, सगळी या एका रस्त्यासाठी. तू उतरलीस, हेल्मेट काढलंस, गाडीकडे पाहिलंस, त्या पाटीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि अशी हसत सुटलीस की कठड्यावर बसावं लागलं. तो रक्षकसुद्धा हसायला लागला. त्याला तू भाकरी आणि ठेचा दिलास. त्याने खाल्लं आणि म्हणाला, 'काकू, जुन्या रोडनं जा. तिकडं आता कोनीच नाई.'

तो खरं बोलत होता. आपला जुना नागपूर-संभाजीनगर रस्ता, ज्याच्यावर आपण इतकी वर्षं धूर खाल्ला, रिकामा पडला होता. ट्रक सगळे समृद्धीवरून चालले होते. मला आठवतं, डोणगावच्या अलीकडे कडबा भरलेला एक ट्रॅक्टर पुढे होता. मी उजवीकडे आलो, समोर पाहिलं, आणि मूठ पिळली. आयुष्यात पहिल्यांदा आत परत यावं लागलं नाही. तुझी थाप पडली नाही. मी घाबरलो, वाटलं पडलीस की काय. मग मागून हळूच आवाज आला, 'मिस्तरी, कडुलिंबाची झाडं पाहा किती मोठी हायेत. दोन्ही बाजूनं.' तू त्यानंतर मेहकर येईपर्यंत काही बोलली नाहीस, आणि तेवढी गप्प मी तुला कधीच पाहिली नव्हती. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं, ही बाई नसती तर मी शिरपुरात पंपाची तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता म्हातारा झालो असतो आणि मला वाटलं असतं की माझं बरं चाललंय.

वर्षाच्या दारात आपण दुपारच्या जेवणाला नाही, चहाला पोचलो. उतरल्या उतरल्या तू जाहीर केलंस, 'ऐंशीच्या वर गेलं का बोंबलते हे. हिले अजून एक गिअर पाह्यजे.'

म्हणून या पावसाळ्यात पाच गिअरची पेटी. आणि म्हणून हे भांडण.

तुझं म्हणणं एका वाक्याचं होतं. 'मोटर मोठी बसवली, मंग पुली जुनी कायले ठेवता?' गिरणीत ते बरोबरच आहे. मोटरला जोर असला तर मोठी पुली लावावी, जातं जोरात फिरतं. गाडीत मोटरच्या पुलीच्या जागी हे स्प्रॉकेट. अठरा दात लावले तर इंजिन शांत राहून गाडी जास्त पळेल. ते मला मान्य होतं.

'पन गिरनीले चढ नसते, विमल.'

'तुमाले चढ दिसते. मले रस्ता दिसते.'

'दोघं बसलो, पेट्या भरल्या, अन् चढ लागला का अठरावर पाचव्या गिअरमधी मान टाकन ते.'

'नाई टाकत.'

'टाकते.'

'लावा पैज.'

पैज लागली, चढ पण ठरला. मालेगावहून डोणगावकडे जाताना तो लांबलचक चढ आहे तो. दोघं बसून, पेट्या भरून, पाचव्यात चढायचा. चौथा टाकावा लागला तर सतरा खरं, नाही लागला तर अठरा. पण त्यासाठी आधी अठरा बसवावं लागेल आणि हरलं तर पुन्हा सगळं खोलावं लागेल, म्हणून मी टाळत राहिलो. सलीमभाईंनी दोन्ही चाकं आणून दिली होती. ती खिळ्याला शेजारी शेजारी टांगलेली होती, कालही तशीच होती. मी त्या चाकांसमोर बसलो होतो. झरोक्यातून पीठ येत नव्हतं. गिरणी बंद आहे. इंजिन उघडं असूनही झरोक्यावर ओली साडी बांधावी लागली नाही, एवढ्यानेच माझ्या हातातला पाना खाली पडला.

वर्षा चहा घेऊन आली. ती अजून इथेच आहे, जावई काल गेले. तिने पाना उचलून दिला आणि म्हणाली, 'बाबा, विकून टाका न हे गाडी. आई होती तोवर ठीक होतं. एकटे कुठं फिरता आता या वयात?' तिचं चुकत नाही, तिला भीती वाटते. आई हातातून गेली, आता बापाला सांभाळायचं आहे.

तेवढ्यात सलीमभाई आले. तेरवीला आले होते, पण गर्दीत बोलणं झालं नाही, म्हणून मुद्दाम पुन्हा आले. वर्षाने दिलेला चहा घेतला. मग त्यांची नजर खिळ्याकडे गेली. त्यांना पैजेचं माहीत होतं, तू फोन करून त्यांना पंच नेमलं होतंस.

'आता तं अठराच टाका मिस्तरी,' ते म्हणाले. 'एकट्या मानसाले आरामशीर ओढते.'

बोलले आणि थांबले. त्यांना कळलं आपण काय बोललो. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली मान घालून बसले. विमल, मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. माझ्या सतराचं सगळं गणित तुझ्यावर उभं होतं. तू मागे बसणार, म्हणून सतरा. तू नाहीस, तर माझ्या बाजूला काहीच उरत नाही. तू पैज जिंकलीस, गेलीस म्हणून.

मला तुझ्यावर राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. मग वाटलं, हे असलं जिंकणं तूच घेतलं नसतंस. लढत झालीच नाही आणि पंच आपला हात वर करतो, असली कुस्ती तुला कधी चालली? तू म्हणाली असतीस, 'मले दया नका दाखवू मिस्तरी, चढ दाखवा.'

मी वर्षाला म्हटलं, 'तू बसशीन मांगं?'

तिला आधी कळेना. सलीमभाईंनी तिला पैज समजावून सांगितली. ऐकता ऐकता ती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. आणि मग, तुझीच लेक, पहिला प्रश्न विचारला तो हा: 'पन माझं वजन आईएवढं हाये का?'

तुझ्या गिरणीच्या काट्यावर तिला उभी केली. तुझं वजन सलीमभाईंना सोडून सगळ्या शिरपूरला माहीत होतं, दर महिन्याला तू स्वतःच त्या काट्यावर चढून मोठ्याने वाचायचीस. पोरगी सहा किलोने कमी भरली. सलीमभाई म्हणाले, बेइमानी नको. मग पेट्या नेहमीसारख्या भरल्या आणि वर सहा किलो ज्वारी मोजून टाकली. मी अठराचं चाक खिळ्यावरून काढलं. तिघांनी मिळून बसवलं, क्लच चढवला, झाकण लावलं, ऑइल भरलं. वर्षाच्या हाताला काळं लागलं तर तिने ते तुझ्यासारखंच केसांना पुसलं, आणि मी तिला ओरडलो, तुला ओरडायचो तसाच.

आज सकाळी निघालो. तिने तुझं हेल्मेट घातलं. नवी गिअरपेटी लोण्यासारखी चालते, हे तुला सांगायलाच हवं. मालेगावच्या बाहेर पडलो, पाचवा टाकला, आणि चढ समोर आला. माझा सगळा जीव इंजिनाच्या आवाजात. आता मान टाकेल, आता टाकेल. अर्ध्या चढावर आवाज किंचित जड झाला. माझा पाय आपोआप गिअरकडे गेला. इतक्या वर्षांची सवय, इतक्या वर्षांची भीती. मागून पोरगी ओरडली, 'बाबा, गिअर नका पाडू! आईची पैज हाये!'

मी पाय मागे घेतला.

गाडी चढली, विमल. मान टाकली नाही. जड झालेला आवाज पुन्हा मोकळा झाला आणि माथ्यावर आली तेव्हा ती जशी खाली होती तशीच शांत होती. दोन माणसं, भरलेल्या पेट्या आणि सहा किलो ज्वारी. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. वर्षा उतरली नाही. मागूनच म्हणाली, 'थांबले कायले? अजून थोडं पुढं चला न.' विकायचं काही बोलली नाही.

मी मेहकरपर्यंत गेलो. दोन ट्रक ओलांडले, एक एसटी.

आता घरी येऊन हे लिहितो आहे. हरल्याचा एवढा आनंद माणसाला होतो हे मला माहीत नव्हतं. तू मला रस्ता दिलास, गाडीला दम दिलास, माझी भीती इतकी वर्षं इंजिनाच्या नावावर खपवलीस, आणि जाता जाता ती माझ्यातून काढूनही घेतलीस. किती आभार मानू? तू असतीस तर महिनाभर मला या एका दातावरून बोलत राहिली असतीस. दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं असतंस, आरटीओतल्या माणसाला, टोलवरच्या त्या पोराला. मी चिडलो असतो, सतरा कसं बरोबर होतं याची नवी कारणं काढली असती.

आज एकही कारण काढत नाही. दोघं बसून, पेट्या भरून, पाचव्यात. अठराच, विमल.

आता बोल ना.